माझ्याकडे चालत होतं

‘माझ्याकडे चालत होतं’ हे वाक्य पहिल्यांदा कोण बोललं याची इतिहासात नोंद नाही. पण बोलणारा काहीतरी दुरुस्त करून परत देत असावा, आणि ऐकणारा माझ्यासारखा कुणीतरी असावा, एवढं नक्की. मिक्सर दुकानात चालतो, घरी आणला की नुसता गुरगुरतो. दुकानदार म्हणतो, ‘माझ्याकडे चालत होता.’ घड्याळजीच्या टेबलावर टिकटिकणारं घड्याळ मनगटावर चढलं की मौनव्रत धरतं. फार कशाला, पंचवीस वर्षं पानात पडेल ते मुकाट्याने गिळणारा मुलगा लग्नानंतर आमटीत खोड काढू लागला, म्हणजे त्याची आई सुनेला हेच सांगते. फक्त शब्द वेगळे असतात. ती म्हणते, ‘आमच्याकडे असा नव्हता हो!’

या सगळ्यांत खोटं कुणीच बोलत नसतं, हीच तर पंचाईत आहे. दुकानात मिक्सर खरोखरच चालत होता. आईकडे मुलगा खरोखरच तसा नव्हता. मग दोन बरोबर गोष्टी एकत्र आणल्या आणि चूक झाली, तर ती चूक कोणाची? हा प्रश्न मोठमोठ्या तत्त्वज्ञांना पडला असेलही. मी पडलो बी. कॉम., तोही सेकंड क्लास. मला तो गेल्या श्रावणात एका रविवारी, एका प्लायवूडच्या उंदरामुळे पडला.

त्याआधी थोडं माझ्याविषयी. मी बँकेत कारकून आहे. राहायला पेण, नोकरीला रोहा. कधी गाडीने जातो, कधी एसटीने, आणि दोन्ही चुकल्या म्हणजे साहेबांच्या शिव्यांनी. रोह्याचं आणि बँकेचं नातं तसं जुनं आहे. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख यांचं बालपण रोह्यात गेलं आणि १९४३ साली ते त्या खुर्चीवर बसले. रोह्यातून निघून माणूस कुठवर जाऊ शकतो हे त्यांनी दाखवलं. रोज रोह्याला जाऊनसुद्धा माणूस तीन नंबरच्या काउंटरपलीकडे कसा जात नाही, हे मी दाखवत असतो.

माझा थोरला भाऊ, अण्णा, रोह्यातच राहतो. आमचं वडिलांचं घर. धाटावच्या एमआयडीसीतल्या एका कारखान्यात तो नोकरीला. माझ्या शाखेपासून त्याचं घर चालत सात मिनिटांवर आहे. ही सात मिनिटं कित्येक वर्षं मी वर्षातून एकदाच चालत होतो, गणपतीच्या दुसऱ्या दिवशी. पाहुण्यासारखं जायचं, पाहुण्यासारखं बसायचं, चहा अर्धाच घ्यायचा आणि गाडीची वेळ झाली म्हणून उठायचं. गाडीला दीड तास असायचा.

कारण विचाराल तर मोदक. २०१५ साली गणपतीच्या दिवशी रोह्याच्या स्वयंपाकघरात वहिनी आमच्या सौभाग्यवतीला म्हणाली, ‘घ्या, मोजून ठेवलेत. दोन्ही घरांना अर्धे-अर्धे.’ एवढंच. पण ‘मोजून’ हा शब्द तिने असा काही उच्चारला, की सौभाग्यवती डोळे पुसतच बाहेर आली. पुढच्या वर्षीपासून आम्ही पेणला आमचा वेगळा गणपती आणायला लागलो, दीड दिवसाचा. पेणमध्ये वेगळा गणपती आणायला धाडस लागत नाही. ज्या गावातून मूर्ती साता समुद्रापार जातात, त्या गावात ती माझ्या घरापर्यंत यायला कितीसा वेळ? धाडस लागतं ते परत एकत्र आणायला.

ते मुलांनी केलं. आमचे चिरंजीव बारावीला, अण्णाची मुलगी इंजिनियरिंगच्या डिप्लोमाला. आम्ही वडीलधारी मंडळी एकमेकांशी पावसापाण्याचं बोलत असताना ही दोघं फोनवर रोज तासन्‌तास बोलतात, हे आम्हाला फार उशिरा कळलं. दोघांचं ठरलं होतं की, यंदा रोह्याच्या पाच दिवसांच्या गणपतीपुढे दोन्ही घरांचा मिळून एक हलता देखावा करायचा. चिरंजिवांनी पेणला उंदीर केला होता. तो मोटरवर मान डोलावतो आणि आरतीच्या चालीवर पीं-पीं करतो. पुतणीने रोह्याला दिव्यांची आरास केली होती, ती टीव्हीसारख्या रिमोटवर पेटते. आता रिमोट दाबला की दिवे लागावेत आणि उंदराने मान डोलवावी, एवढंच बाकी होतं. ‘जोडायला अर्धा तास लागेल, काका,’ असं म्हणून पुतणी त्या रविवारी लॅपटॉप घेऊन पेणला आली. सकाळचे साडेनऊ झाले होते.

हा सगळा कारभार आर्डुइनो नावाच्या निळ्या पाटीवर चालतो. २००५ साली इटलीतल्या इव्रेआ गावी काही मास्तर मंडळींनी ती विद्यार्थ्यांसाठी तयार केली आणि आपण ज्या बारमध्ये बसतो त्याचंच नाव तिला ठेवलं. त्या बारला नाव होतं तिथल्या एका जुन्या राजाचं. आपल्याकडे हा शोध लागता तर अमृततुल्यमध्ये लागला असता, आणि पाटीला चहावाल्याचं नाव मिळालं असतं. पाटीवर एक चिप असते, ॲटमेगा ३२८ पी. तिला मायक्रोकंट्रोलर म्हणतात, म्हणजे गरिबाघरचा संगणक. प्रोग्रॅम ठेवायला ३२ किलोबाइट जागा आणि काम करताना लक्षात ठेवायला २ किलोबाइट. म्हणजे स्मरणशक्ती साधारण माझ्याइतकी. भाजीची यादी राहते, लग्नाचा वाढदिवस राहत नाही.

प्रत्येक प्रोग्रॅमचे दोन भाग असतात असं मला सांगण्यात आलं, ‘सेटअप’ आणि ‘लूप’. सेटअप सुरुवातीला एकदाच होतो. लूप मग वीज जाईपर्यंत पुन्हा पुन्हा चालत राहतो. मी म्हटलं, कळलं. लग्न आणि संसार.

प्रोग्रॅम आपण लिहितो तो आपल्याला वाचता येईल अशा भाषेत. चिपला कळतात फक्त शून्य आणि एक. मधला दुभाषा म्हणजे कंपायलर. १९५२ साली अमेरिकेत ग्रेस हॉपर या बाईंनी ए-झीरो नावाचा कंपायलर तयार केला, तो या जातीचा मूळपुरुष. कंपाइल करणं म्हणजे संकलन करणं. टेपवर साठवलेले प्रोग्रॅमचे सुटे तुकडे गोळा करून एकापुढे एक जोडणं हेच त्याचं काम होतं. म्हणजे जोडून देणं हा या दुभाष्याचा मूळ धंदा आहे. त्यामुळे दोन प्रोग्रॅम जोडताना तो इतकी खळखळ का करतो, हे मला कळेना. पण लग्नं जुळवणारे मध्यस्थही सगळ्यात जास्त खोडी काढतात, हे आठवलं आणि मी गप्प बसलो.

पुतणीने तिचा प्रोग्रॅम चिरंजिवांच्या प्रोग्रॅमखाली चिकटवला आणि बटण दाबलं. पडद्यावर लाल अक्षरं उमटली. रीडेफिनिशन ऑफ व्हॉइड सेटअप. म्हणजे सेटअप दोनदा सांगितला आहे. त्याच्याखाली, ‘याआधी इथे सांगितला होता’ अशी आठवणही होती. लूपबद्दलही तीच तक्रार. बरोबरच होतं. एका घरात कर्ते दोन झाले होते. दोघांचे सेटअप एका सेटअपात ओतले, दोघांचे लूप एका लूपात. मी म्हटलं, एकत्र कुटुंब झालं. सौभाग्यवती आतून म्हणाली, ‘आता बघा मजा.’

मजा लगेच सुरू झाली. दुसऱ्या खेपेला संदेश आला, स्ट्रे तीनशे बेचाळीस इन प्रोग्रॅम. पाठोपाठ स्ट्रे दोनशे. पाठोपाठ आणखी एक. आमच्याकडे स्ट्रे म्हणजे मोकाट गुरं. ती बाजारपेठेत असतात, प्रोग्रॅममध्ये कशी शिरली? तासाभराने उलगडा झाला. पुतणीने मधे प्रोग्रॅम छापून घ्यायला वर्डमध्ये टाकला होता. वर्डला सरळ अवतरणचिन्हं आवडत नाहीत. तो त्यांना परस्पर वाकवून, शेपटी लावून देखणी करतो. डोळ्यांना ती तीच दिसतात, पण कंपायलरला ती ओळखू येत नाहीत, आणि त्या एकेका चिन्हाचे आत तीन-तीन तुकडे असल्यामुळे तक्रारीही तीन-तीन. पुतणी हट्टाने म्हणत होती, ‘पण माझ्याकडे चालत होतं!’ चालतच होतं. नटण्याआधी चालत होतं.

इथून पुढे सौभाग्यवतीने मला कामाला जुंपलं. ‘बँकेत आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुकाच शोधताय ना? मग घरातली एक शोधा.’

तर वाचकहो, चुका शोधण्याचं एक शास्त्र असतं आणि ते आम्हा कॉमर्सवाल्यांना येतं. ट्रायल बॅलन्स जुळत नसेल तर फरकाला नऊने भाग जातो का बघावं. जात असेल तर बहुधा कुठेतरी चोपन्नचे पंचेचाळीस झालेले असतात. दोनने भाग जात असेल तर फरकाच्या निम्मी रक्कम चुकून उलट्या बाजूला पडलेली असू शकते. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, फरक जिथे सापडतो तिथे चूक नसते. फरक सापडतो बेरजेच्या ओळीत. चूक असते वर कुठेतरी, एखाद्या निरुपद्रवी मंगळवारी.

कंपायलरचंही असंच निघालं. तो म्हणाला, चोविसाव्या ओळीत चूक आहे. आम्ही चोविसावी ओळ तीन वेळा वाचली. इतकी निर्दोष ओळ मी माझ्या पासबुकातसुद्धा पाहिलेली नाही. मग वर सरकलो. तेविसाव्या ओळीच्या शेवटी अर्धविराम नव्हता. या भाषेत प्रत्येक वाक्याच्या शेवटी अर्धविराम द्यावा लागतो. तो नसला तर कंपायलर बिचारा वाक्य संपलं नाही असं समजून पुढे वाचत जातो आणि पुढच्या ओळीला ठेच लागून पडतो. पडतो तिथेच ओरडतो. आपण त्या ओळीला धरून मारतो.

मग म्हणाला, अठ्ठावन्नाव्या ओळीत तुम्ही जे सुरू करताय, त्याला इथे परवानगी नाही. तिथेही सगळं ठीक होतं. चिरंजिवांनी एकतिसाव्या ओळीवर उघडलेला महिरपी कंस बंदच केला नव्हता. सत्तावीस ओळी तो प्रोग्रॅम एका उघड्या दारातून चालत आला होता आणि कुणाला पत्ता नव्हता.

हे कंस मोजता मोजता मी एकदम थांबलो. मुलांना वाटलं मला चूक सापडली. सापडली होती, पण प्रोग्रॅममधली नव्हती.

आमचे वडील २०१४ च्या पावसाळ्यात गेले. त्याआधी एकोणीस दिवस पनवेलच्या एका इस्पितळात होते. धावपळ दोघांनी केली, पैसे त्या वेळी मी भरले, कारण बँकेत असल्यामुळे माझ्याकडून पटकन उभे राहत. एकोणीस दिवसांतली प्रत्येक पावती मी जपून ठेवली होती. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी, पाहुण्यांच्या चपला अजून पडवीत होत्या तेव्हा, मी अण्णाच्या हातात एक फुलस्केप कागद दिला. डावीकडे तपशील, उजवीकडे रकमा, खाली बेरीज, बेरजेचे दोन समान भाग, आणि एका भागापुढे माझ्या वळणदार अक्षरात लिहिलेलं, ‘तुझ्याकडून येणे’. अण्णाने कागद वाचला, चार घड्या घातल्या आणि खिशात ठेवला. दुसऱ्या दिवशी चेक दिला. पूर्ण रकमेचा. मला वाटलं, व्यवहार चोख झाला.

वर्षभर घरात सण नव्हता. वर्षाने सण आला आणि वहिनी म्हणाली, ‘मोजून ठेवलेत.’

इतकी वर्षं मी चोविसावी ओळ वाचत होतो. मोदकांची. नातेवाइकांना सांगत होतो, काय बघा, पाच-पंचवीस मोदकांवरून घर तुटतं. तेविसाव्या ओळीकडे मी पाहिलंच नव्हतं, कारण ती माझ्या अक्षरात होती आणि तिची बेरीज बरोबर होती. त्या कागदात चूक काहीच नव्हती. फक्त तो देण्याआधी एक अर्धविराम हवा होता. ‘अण्णा, बस जरा’ एवढाच. महिन्या-दोन महिन्यांचा असता तर फारच उत्तम.

दुपारी जेवणं उरकल्यावर पुन्हा बटण दाबलं. एकही तक्रार आली नाही. कंपायलर तृप्त झाला. पोरं टाळ्या देणार, इतक्यात शेवटच्या पायरीवर नवाच संदेश आला. मल्टिपल डेफिनिशन ऑफ व्हेक्टर सेव्हन. आणि ज्या ओळी दाखवल्या होत्या, त्या दोघांपैकी कुणाच्याच प्रोग्रॅममध्ये नव्हत्या!

हे प्रकरण समजून घ्यायला संध्याकाळ झाली. त्या चिपमध्ये तीन घड्याळं असतात, शून्य, एक आणि दोन नंबरची. ‘जरा थांब’ म्हणून वेळ मोजायला शून्य नंबरचं लागतं. मोटरला एक नंबरचं. उंदराच्या पीं-पींला दोन नंबरचं. आणि रिमोटचे संकेत वाचायलाही दोन नंबरचंच. ते घड्याळ वाजलं की चिप हातातलं काम सोडून सात नंबरच्या टेबलाकडे धावते आणि तिथे बसलेल्याला विचारते, काय हुकूम? त्या टेबलाला खुर्ची एकच. पीं-पींवाल्यांनी तिच्यावर आपला माणूस बसवलेला, रिमोटवाल्यांनीही बसवलेला. आणि हे दोन्ही मुलांनी लिहिलेलं नव्हतंच. त्या तयार लायब्ररी होत्या, दूरदेशीच्या सज्जनांनी लिहून फुकट वाटलेल्या. उंदरासाठी पीं-पीं वापरताना घरात रिमोट येईल असं चिरंजिवांना कुठे माहीत होतं? पुतणीला उंदीर कुठे माहीत होता?

मला मोठा आनंद झाला. ‘म्हणजे कोणाचीच चूक नाही!’ मी जाहीर केलं. ‘दोघंही बरोबर. खुर्ची एक, एवढंच.’ आणि मनात लगेच रोह्याचं गणितही सोडवून टाकलं. अण्णा बरोबर, मीही बरोबर. धाकट्याला वाटलं हिशोब चोख ठेवणं हा वडिलांचा मान. थोरल्याला वाटलं हिशोब न काढणं हा वडिलांचा मान. मान एक, बसणारे दोन. व्हेक्टर सेव्हन. कुणी कुणाची माफी मागायला नको. असलं तत्त्वज्ञान फार सोयीचं असतं. गादीवर लोळत पचवता येतं.

‘काका,’ पुतणी म्हणाली, ‘पण हा मेसेज सकाळी नाही आला.’

‘मग?’

‘आमच्या स्वतःच्या चुका होत्या ना तेव्हा. अर्धविराम, कंस. त्या असेपर्यंत तो जोडायला घेतच नाही. दोघांचं आपापलं नीट झालं की मग जोडतो, आणि मग हे दिसतं.’

डिप्लोमाच्या पोरीने मला गादीवरून उठवलं. ‘दोघांचीही चूक नाही’ हे वाक्य खरं असू शकतं, पण ते शेवटच्या पायरीवरचं वाक्य आहे. आपापले अर्धविराम घातल्याशिवाय ते म्हणायचा अधिकार मिळत नाही. मी ते पहिल्या पायरीवर उभा राहून म्हणत होतो. जगात ‘जाऊ दे, कोणाचीच चूक नव्हती’ म्हणून मिटवलेली भांडणं पुन्हा का पेटतात, ते मला त्या क्षणी कळलं. ती न जुळलेली रक्कम सस्पेन्स खात्यात टाकून वर्ष बंद केल्यासारखी असतात.

आणि याच्या उलटही खरं आहे. आपण प्रत्येक चुकीमागे एक चुकणारा शोधतो. आमच्या बँकेत फरक सापडायच्या आधी मेमो निघतो. कंपायलरचा स्वभाव मला म्हणून आवडला. तो ‘कोणी केलं’ असं कधीच विचारत नाही. ‘मला इथून पुढे जाता येत नाही’ एवढंच सांगतो, तेही ज्याला ठेच लागली त्याच्या जागेवरून. वहिनीसुद्धा तेवढंच सांगत होती.

आता घड्याळं तीन, दावेदार चार. चिरंजीव म्हणाले, रिमोटला एक नंबरचं घड्याळ देऊ. पण तिथे मोटर बसली होती. मग म्हणाले, उंदीर मुका ठेवू. ऐन गणपतीत उंदराला गप्प बसवणं मला बरं वाटेना. शेवटी पुतणीनेच तोड काढली. एका पाटीवर सगळं कोंबायचंच कशाला? दोन पाट्या ठेवू. दिवे आणि रिमोट तिच्या पाटीवर, उंदीर चिरंजिवांच्या. मधे एक वायर. रिमोट दाबला की तिची पाटी वायरीवरून निरोप पाठवेल, मग उंदीर हलेल.

म्हणजे वेगळ्या चुली! मी जरा खट्टू झालो. सबंध दिवस ज्या एकत्र कुटुंबासाठी खपलो, ते शेवटी विभक्तच झालं. सौभाग्यवती मात्र म्हणाली, ‘मुलगी शहाणी आहे.’

वायर जोडली, रिमोट दाबला, आणि उंदराने मनाला येईल तेव्हा मान हलवायला सुरुवात केली. रिमोट दाबावा तर स्वस्थ, कुणी जवळून गेलं की नकार. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. ते वाक्य आता येणार म्हणून मी कानांत बोटं घालणार, तोच पुतणीने कपाळावर हात मारला. ‘ग्राउंड राहिलं!’

प्रत्येक पाटीला आपला वीजपुरवठा असतो, पण ग्राउंड दोघींचं एकत्र जोडावं लागतं. एकीने पाठवलेला निरोप उंच की खाली, हे दुसरीने मोजायचं तर मोजायची सुरुवात एकाच पातळीपासून हवी. नाही तर निरोप पोचतो, पण अर्थ लागत नाही. तिने दुसरी वायर घातली. रिमोट दाबला. उंदराने शहाण्यासारखी मान डोलावली आणि पीं-पीं सुरू केलं. शेजारच्या काकू खिडकीत आल्या.

सामाईक ग्राउंड म्हणजे सामाईक जमीन. कोकणात हा शब्द उच्चारला की भावाभावांना आधी वकील आठवतो. जमीन नुसती मागूनही मिळते हे विनोबांनी १९५१ पासून देशभर पायी फिरून दाखवलं, आणि त्यांचा जन्म आमच्याच पेण तालुक्यातला, गागोद्याचा. पण तालुक्यातल्या भावाभावांनी ते फारसं मनावर घेतलेलं दिसत नाही. मीही घेतलेलं नव्हतं.

यंदा पेणचा दीड दिवसाचा गणपती पोचवून आम्ही तिघं उंदीर मांडीवर घेऊन रोह्याच्या गाडीत बसलो. रोहा स्टेशन मध्य रेल्वेचं. तिथून पुढे कोकण रेल्वे सुरू होते, ती थेट कर्नाटकातल्या ठोकूरपर्यंत, ७४१ किलोमीटर. २६ जानेवारी १९९८ पासून ती सगळी वाट खुली झाली. दोन रेल्वे, दोन कारभार. पण रुळांमधलं अंतर दोन्हीकडे एकच, म्हणून रोह्याच्या त्या जोडावर प्रवाशाची झोप मोडत नाही. आमची मात्र तिथे उतरायची पाळी असल्यामुळे मोडली.

देखावा उत्तम झाला. आरती झाली, उंदराने आरतीनंतरही दोन वेळा आरती केली. मंडळी पांगल्यावर मी अण्णाला पडवीत गाठलं.

‘अण्णा, बस जरा,’ मी म्हटलं.

तो बसला.

‘बाबांच्या वेळचा तो कागद मी तसा द्यायला नको होता.’

‘कुठला कागद?’ अण्णा बाहेर बघत म्हणाला.

‘कपाटात आहे,’ आतून वहिनीचा आवाज आला. ‘आणू का?’

थोडा वेळ कुणीच बोललं नाही. मग अण्णा म्हणाला, ‘त्यात चूक आहे.’

‘चूक?’ माझ्यातला कारकून ताडकन उभा राहिला.

‘अँब्युलन्सचे अठराशे दोनदा धरलेयस. एकदा पावतीवरून आणि एकदा चेकबुकावरून. अँब्युलन्स एकदाच आली होती.’

रीडेफिनिशन. याआधी इथे सांगितलं होतं. मी मनातल्या मनात भागाकार केला. अण्णाच्या वाट्याला नऊशे जास्त गेले होते. नऊशेला नऊने भाग जातो, पण अंक कुठेच उलटे झाले नव्हते. उलटा झालो होतो मी.

‘मग तेव्हाच का नाही बोललास?’

‘बाबांच्या अँब्युलन्सच्या पैशांवरून?’ अण्णा म्हणाला. ‘तुझ्याशी?’

मला काय बोलावं सुचेना. आणि अशा वेळी माणसाच्या तोंडून जे निघतं तेच माझ्याही तोंडून निघालं. ‘माझ्याकडे जुळत होतं रे.’

अण्णा हसला. फार दिवसांनी हसला असावा, कारण त्याला ठसकाच लागला. वहिनी पाणी घेऊन आली, आणि दुसऱ्या हातात ताट होतं.

‘घ्या भावोजी,’ ती म्हणाली. ‘मोजलेले नाहीत.’

मी मनातल्या मनात मोजले. सवय वाईट. एकवीस होते.